मदत हवी आहे: रॅड५१ची अँटिबॉडी ब्लॉटवर चालते, कव्हरस्लिपवर नाही

नमस्कार मंडळी,

सेल बायोलॉजीवाले कुणी असाल तर जरा बघा. यू२ओएस पेशींना (हाडाच्या कर्करोगाच्या) एटोपोसाइड हे डीएनए तोडणारं औषध देऊन रॅड५१चे फोसाय, म्हणजे न्यूक्लियसमधले ठिपके, मोजायचे आहेत. (इतरांसाठी: डीएनएचे दोन्ही धागे तुटले की बीआरसीए२ ज्याला तुटलेल्या टोकावर आणून बसवतं, ते हे प्रथिन.)

रॅड५१ ओळखणाऱ्या, सशात बनवलेल्या अँटिबॉडीचा (रॅबिट पॉलिक्लोनल) नवा लॉट आला आणि घोळ सुरू झाला. ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखतात तिथे) ३७ किलोडाल्टनच्या आसपास एकच बँड, कॅटलॉगात छापावा असा. तीच अँटिबॉडी कव्हरस्लिपवरच्या पेशींना लावली की अख्खं न्यूक्लियस हिरवं धुकट! ठिपके असलेच तर त्यात बुडालेत. नुसती सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून चमकणारी दुसरी) लावलेली स्लाइड काळीकुट्ट आहे, त्यामुळे ती सुटली. गॅमा-एचटूएएक्सचे लाल ठिपके त्याच पेशींत ठसठशीत येतात, म्हणजे डीएनए तुटतोय. रॅड५१ उशिरा जमतं म्हणून औषध धुतल्यावर पाच तासांनी फिक्स करते. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, मग ट्रायटन (पेशीच्या पडद्याला भोकं पाडणारा साबण).

कंपनीला मेल केला, तर उत्तर काय, ‘ब्लॉटसाठी व्हॅलिडेटेड आहे’. ब्लॉटवर एसडीएसने उलगडलेलं प्रथिन असतं आणि फिक्स केलेल्या पेशीत घडी बऱ्यापैकी शाबूत असते, त्यामुळे एकीकडे चालली म्हणून दुसरीकडे चालेलच असं नाही, हे मलाही कळतं. पण मग डेटाशीटवर दोन्हीपुढे बरोबरची खूण कशाला?

सर म्हणतात, दुसरी मागव. एका व्हायलमध्ये महिन्याची फेलोशिप जाते, आणि ती कस्टममधून कधी सुटेल ते देव जाणे. त्याआधी एवढंच ठरवायचंय की हे धुकं रॅड५१चंच आहे की भलत्याच कशाचं. बीआरसीए२ बिघडलेल्या कॅपान-१ पेशी आमच्याकडे नाहीत. फोसाय जिथे जमतात त्या, डीएनएची नक्कल होत असलेल्या वा झालेल्या (एस-जी२मधल्या) पेशी जेमिनिनची अँटिबॉडी लावून वेगळ्या काढाव्यात, तर आमची तीही रॅबिटच, म्हणजे सेकंडरी दोन्हींना चिकटणार.

प्रतिसाद १

ताई, एवढ्यात ऑर्डर टाकू नका. धुकं खरंही असू शकतं. न्यूक्लियसमध्ये मोकळं फिरणारं रॅड५१ भरपूर असतं आणि तुम्ही ते आधी फिक्स करून जागच्या जागी डांबताय. क्रम उलटा करून बघा: बर्फावर थंड ०.५ टक्के ट्रायटन दोन-तीन मिनिटं, मग पॅराफॉर्मल्डिहाइड. मोकळं वाहून जाईल, डीएनएला चिकटलेलं राहील. पेशी सुटतात, म्हणून कव्हरस्लिपला पॉलीलायसिन हवंच.

कॅपान-१ नसू दे. एसआयआरएनएने (जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) एका डिशमध्ये रॅड५१ उतरवा, दुसरीत बीआरसीए२. पहिलीत ब्लॉटवरचा बँड फिका झाला, पण धुकं जसंच्या तसं राहिलं, तर अँटिबॉडी भलतंच काही पकडतेय. दुसरीत बँड राहायला हवा, फोसाय जायला हवेत. माझ्या मते हा कंट्रोल जास्त बोलका. रिव्ह्यूअरही त्यावर फारसं कुरकुरत नाहीत.

जेमिनिनचा नाद सोडा. एटोपोसाइडच्या आधी थोडा वेळ ईडीयू (नव्या डीएनएत शिरणारा, रंगवता येणारा घटक) द्या. एस फेजमधल्या पेशी रंगतील, सशाचा प्रश्नच नाही. आणि पेशी दाटीवाटीने वाढवू नका, बहुतेक जी१मध्ये (डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीच) अडकतात आणि मग फोसाय शोधत बसायची वेळ येते.

धागाकर्ती

आभार दादा! ट्रायटन आधी हे आजच करते. एक शंका: तसं केल्यावर गॅमा-एचटूएएक्स टिकेल ना? आणि जुन्या लॉटचे थोडे मायक्रोलिटर उणे वीसमध्ये सापडलेत. ते शेजारच्या कव्हरस्लिपवर लावू, की एसआयआरएनएच्या डिशसाठी राखून ठेवू?