होन, मोहोर की सुवर्णमुद्रा?

रानवाट: १६७५ च्या सुमारास घडणारी दीर्घकथा लिहिते आहे. कोकणातल्या एका वाटाड्याला सरदार बक्षीस देतो. मी 'पाच होन' लिहिले होते, संपादकांनी त्याचे 'पाच सुवर्णमुद्रा' केले. होन आजच्या वाचकाला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. कोणता शब्द ठेवू? आणि पाच होन म्हणजे त्या माणसाच्या हातात नेमके किती आले?

पोथीवाचक: होनच ठेवा. पुरंदरच्या तहात (१६६५) २३ किल्ल्यांबरोबर गेलेल्या मुलखाचा वसूल ४ लाख होन सांगितला आहे. त्या काळी हिशेब याच शब्दात चाले. 'मुद्रा' म्हटले की तेव्हा आधी शिक्का डोळ्यापुढे येई.
किमतीचे म्हणाल तर आजच्या सोन्याच्या भावाने गुणू नका. त्यातून हाती काहीच लागत नाही. शिवाजी महाराजांच्या चरित्राच्या सभासद बखरीत पायदळाच्या जुमलेदाराची, म्हणजे तुकडीवरच्या अधिकाऱ्याची, तैनात सालाला १०० होन दिली आहे. म्हणजे तुमच्या वाटाड्याला एका जुमलेदाराचा अठरा दिवसांचा पगार मिळाला. गावात चार तोंडी चर्चा होईल एवढी ही रक्कम आहे.

तुळशीवृंदावन: संपादकांची बाजू घेते. राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश मुद्दाम करवून घेतला गेला, यावनी, म्हणजे फारसी-अरबी, शब्दांच्या जागी संस्कृत शब्द यावेत म्हणून. त्याच काळावरच्या कथेत संस्कृत शब्द परका कसा?

भीमाकाठ: पण ताई, होन यावनी कुठे आहे? तो कन्नड 'होन्नु', म्हणजे सोने. आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात, आजी सणाला हा शब्द हमखास काढायची. विजयनगरच्या वराह या सोन्याच्या नाण्याची परंपरा शिवराई होनापर्यंत आली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. मोगली मोहोर जवळपास अकरा ग्रॅमची. होनाच्या जागी कोणी 'मोहोर' घातली तर बक्षीस चौपट होईल.

सराफकट्टा: पाच होन, पण कोणते? सभासदानेच पादशाही, देवराई, अच्युतराई, शिवराई अशी लांबलचक यादी दिली आहे. सराफ नाणे पारखणार, बट्टा कापणार. वाटाड्या ते मोडायला जातो तो प्रसंग जरूर लिहा, त्यात सगळा काळ उभा राहील. एक जपा: नुसती 'शिवराई' म्हणजे तांब्याचे नाणे. 'पाच शिवराया दिल्या' असे लिहिलेत तर बिचाऱ्याला तांबे मिळेल.

माजघर: आणि पुतळ्या? आमच्याकडे पणजीची पुतळ्यांची माळ आहे. ही पुतळी मूळची व्हेनिसची डुकाट, साडेतीन ग्रॅम आणि जवळजवळ निव्वळ सोने. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला डोज, म्हणजे राज्यप्रमुख, तिच्यावर असतो. त्या आकृत्यांवरूनच 'पुतळी' नाव पडले असणार. कोकणातल्या बंदरांकडचा सरदार असेल तर त्याच्या कनवटीला पुतळ्या शोभतील.

पोथीवाचक: शोभतील, पण तो दागिन्याचा शब्द वाटेल. बक्षिसाला होनच.

तुळशीवृंदावन: वर 'मुद्रा म्हणजे शिक्का' म्हणून माझा शब्द बाद केलात. मग मोहोर काय आहे? फारसी 'मुह्र' म्हणजेही शिक्काच! तिथे शिक्क्याचे नाणे झालेले चालते आणि संस्कृतात तेच झाले की तो शब्द आजचा ठरतो? ही फूटपट्टी सरळ नाही.

भीमाकाठ: व्युत्पत्ती सारखी असेल, वापर सारखा नाही. मोहोर बाजारात फिरली. सुवर्णमुद्रा बाजारात मागितलेली एका तरी पत्रात दाखवा.

तुळशीवृंदावन: कथेतला निवेदक आजचा आहे, पत्रातला कारकून नव्हे. संवादात होन घ्या, माझी हरकत नाही. निवेदनात सुवर्णमुद्राच हवी.

सराफकट्टा: एकाच पानावर दोन शब्द आले तर वाचकाला ती दोन वेगळी नाणी वाटतील. शिवाय 'मोहरा दिल्या' की 'मोहोरा दिल्या', हेही एकदा ठरवा.

माजघर: मोहरा. मोहोर आंब्याला येतो.

पोथीवाचक: नाण्यालाही मोहोरच. आमच्याकडे सगळे तसेच म्हणतात.