क्लाइनच्या ‘ल कूप्ल तेम्वँ’ची मराठी उपशीर्षकं: नाव, संबोधनं आणि टायमिंगचा घोळ

पडदा_३५

आमच्या फिल्म क्लबात विल्यम क्लाइनचा ‘ल कूप्ल तेम्वँ’ (१९७७) मराठी उपशीर्षकांसह दाखवायचा आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फ्रान्सचं ‘भविष्य मंत्रालय’ क्लोदीन आणि जाँ-मिशेल हे अगदी सर्वसाधारण तरुण जोडपं निवडतं आणि नव्या शहरातल्या अत्याधुनिक फ्लॅटमध्ये सहा महिने ठेवतं. इ. स. २००० मधला माणूस कसा राहील, काय वापरेल हे ठरवण्यासाठी त्यांच्या रोजच्या जगण्याची मोजदाद होते आणि ती सगळ्या देशाला टीव्हीवर दिसते. भूमिका आनेमोन आणि आंद्रे द्युसोलिए यांच्या.

तीन अडचणी आहेत.

१. ‘द मॉडेल कपल’ या इंग्रजी नावावरून आम्ही ‘आदर्श जोडपं’ असं नाव धरलंय. चालेल का? बाकी भाषांतरही इंग्रजी उपशीर्षकांवरूनच चाललंय.

२. इंग्रजी फाइल अमेरिकन डीव्हीडीच्या टायमिंगची आहे आणि आमची डिस्क फ्रान्समधली. पहिला संवाद जुळतो, पण पुढे उपशीर्षकं मागे पडत जातात. शेवटी जवळजवळ चार मिनिटांचा फरक.

३. चित्रपटाआधी दहा मिनिटं बोलायचंय. काय सांगावं, काय टाळावं?

शब्दखुणा

‘आदर्श जोडपं’ नको. या एका शब्दाने चित्रपट उलटा होतो. आदर्श म्हणजे इतरांहून चांगलं, गिरवण्याजोगं. हे दोघं निवडले जातात ते मुळात कशातच वेगळे नाहीत म्हणून.

फ्रेंचमध्ये ‘तेम्वँ’चे तीन अर्थ इथे एकत्र वाजतात. पहिला, साक्षीदार. दुसरा, प्रयोगातला तुलनेसाठी ठेवलेला गट, त्याला ‘ग्रूप तेम्वँ’ म्हणतात. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: बिल्डर गिऱ्हाइकाला दाखवायला सजवून ठेवतो तो फ्लॅट म्हणजे ‘आपार्तमाँ तेम्वँ’. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, सॅम्पल फ्लॅट. पुण्या-मुंबईत घर शोधत फिरलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो: गादीवर न झोपलेल्या चादरी, टेबलावर मेणाची फळं. त्या फ्लॅटमध्ये फर्निचरबरोबर माणसंही मांडून ठेवली आहेत, हा क्लाइनचा मुद्दा. म्हणून ‘सॅम्पल जोडपं’, किंवा इंग्रजी शब्द नको असेल तर ‘नमुना जोडपं’. ‘काय नमुना आहे!’ ही आपली बोलण्यातली छटा आपोआप येते, आणि ती इथे शोभते. साक्षीदाराचा अर्थ मात्र मराठीत हातचा जातो. तो सुरुवातीच्या बोलण्यात सांगा.

दुसरा शब्द ‘म्वायँ’. ‘फ्राँसे म्वायँ’ हा फ्रेंचमधला रुळलेला वाक्प्रचार, म्हणजे सर्वसाधारण फ्रेंच माणूस. तोच शब्द गणितातल्या सरासरीलाही लागतो. मराठीत सामान्य, मध्यम आणि सरासरी हे वेगळे शब्द, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागेल. जोडपं स्वतःबद्दल बोलतं तेव्हा ‘साधी माणसं’, टीव्हीवरचा माणूस बोलतो तेव्हा ‘सर्वसामान्य’, संशोधक बोलतात तेव्हा ‘सरासरी’. एकच माणूस तिघांच्या तोंडून गेल्यावर त्याचा आकडा कसा होतो, ते मराठी प्रेक्षकाला शब्दांतूनच कळेल.

‘भविष्य मंत्रालय’ हा शब्दही एकदा मोठ्याने म्हणून बघा. मराठीत ‘भविष्य’ म्हटलं की आधी राशी आणि कुंडली आठवते. मूळ फ्रेंच शब्द ‘आव्हनीर’ म्हणजे येणारा काळ, त्यात जोतिष नाही. पहिल्या उल्लेखाला ‘भविष्यकाळ मंत्रालय’ लिहा आणि नंतर नुसतं ‘मंत्रालय’.

आणि कळकळीची विनंती: ‘पाळत’ हा शब्द कुणाही अधिकाऱ्याच्या तोंडी घालू नका. इथे लपवलेला कॅमेरा नाही, दोघांची संमती आहे. सरकारी माणसं पाळतीची भाषाच बोलत नाहीत. ती निरीक्षण, नोंद, चाचणी, अभ्यास असंच म्हणतात. आपल्या शासकीय मराठीत यासाठी तयार माल भरपूर आहे: पथदर्शी प्रकल्प, प्रातिनिधिक नमुना, अभिप्राय, सदर बाब निदर्शनास आली. हे शब्द मंत्री आणि संशोधक यांच्यासाठीच राखून ठेवा. जोडप्याला घरातलं मराठी द्या, आणि त्यांच्या बोलण्यात हळूहळू सरकारी शब्द शिरू लागले की तेव्हा ते तसेच राहू द्या.

फ्रेम२५

टायमिंगबद्दल. फाइल खराब नाही, फक्त वेग वेगळा आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. अमेरिकन डीव्हीडीवर तो २३.९७६ ने चालतो, तर युरोपियन डीव्हीडीवर सरळ २५ ने पळवतात. त्यामुळे अमेरिकन डिस्कवरची १०१ मिनिटं युरोपियन डिस्कवर ९७ च्या आसपास भरतात. तुमची चार मिनिटं तीच.

उपाय: उपशीर्षकांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्रेम रेट बदला’ असा पर्याय असतो. तिथे २३.९७६ वरून २५ करा. प्रत्येक वेळेला ०.९५९०४ ने गुणलं जातं. पडताळा असा: ०१:००:०० ला असलेली ओळ ००:५७:३२ ला यायला हवी. हे केल्यावरच पुढेमागे सरकवा, कारण डिस्कच्या सुरुवातीला कंपनीची पाटी कमीजास्त सेकंदांची असते. आधी सरकवून मग गुणलं तर तो सरकवलेला भागही गुणला जातो आणि पुन्हा चुकतं.

देवनागरीत आणखी तीन गोष्टी बिघडतात.

फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारी अक्षर साठवण्याची पद्धत) मध्येच सेव्ह करा. नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं दिसतील.

अक्षरमोजणीवर विश्वास ठेवू नका. ओळीला ४२ अक्षरांची जी मर्यादा सांगतात ती देवनागरीला तशीच लागू पडत नाही. सॉफ्टवेअर काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतं. ‘प्रात्यक्षिक’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा, पण सॉफ्टवेअर तो १२ मोजतं. म्हणून ‘फार जलद’ असा लाल इशारा जागोजाग येईल. त्यापेक्षा ओळ स्वतः सावकाश वाचा. संवाद पडद्यावर आहे तेवढ्यात वाचून होऊन चेहऱ्याकडे बघायला वेळ उरतो का, ही कसोटी. दोन ओळींपेक्षा जास्त नकोत, आणि एक ओळ एका सेकंदाहून कमी वेळ ठेवू नका.

तिसरं, दोन ओळींमधलं अंतर. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार किंवा अनुस्वार एकमेकांत घुसतात. ‘मूल्य’च्या खाली ‘सर्वेक्षणांत’ आलं की गिचमिड होते. ओळींतलं अंतर वाढवा, नाहीतर ओळ दुसरीकडे तोडा. पांढऱ्या अक्षरांना काळी कड हवीच. उजळ भिंतीवर बिनकडेची अक्षरं पुसली जातात.

शक्य असेल तर उपशीर्षकं चित्रावर कायमची छापून घ्या, कारण हॉलमधल्या लॅपटॉपवर जोडाक्षरं तुटून ‘प्‌र’ असं दिसू शकतं.

नवी_पेठ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘बिग बॉस’चं नाव शेवटी चर्चेत येऊ द्या, सुरुवातीला नको. ‘बिग बॉस’मध्ये स्पर्धा आहे, बाहेर काढणं आहे, बक्षीस आहे. इथे मालक सरकार आहे आणि कारण ‘लोककल्याण’. प्रेक्षक ‘अरे, हे तर तेच’ म्हणून बसला की हा फरक निसटतो. सालं मात्र सांगा: ‘बिग बॉस’चं मूळ ‘बिग ब्रदर’ नेदरलँड्समध्ये १९९९ ला आलं, फ्रान्समध्ये त्याच धर्तीचा ‘लॉफ्ट स्टोरी’ २००१ ला. म्हणजे क्लाइन वीस वर्षांहून जास्त पुढे होता.

त्यापेक्षा त्या काळचा फ्रान्स सांगा. १९६५ च्या आराखड्यानुसार पॅरिसभोवती सेर्जी-पोंत्वाज, एव्री अशी नवी शहरं उभी राहत होती. राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ १९७५ पासून सामान्य कुटुंबांच्या घरी पत्नीसह जेवायला जात होते आणि त्याच्या बातम्या होत होत्या. सरकारला ‘साध्या माणसाची’ अशी ओढ लागलेली असताना हा चित्रपट आला.

आणि ‘साफारी’ प्रकरण सोडू नका. सरकारी खात्यांमधल्या नोंदी प्रत्येक नागरिकाच्या एकाच ओळख क्रमांकाने संगणकावर जोडायची ही योजना होती. क्रमांक १३ आकडी, पहिला आकडा पुरुषाला १ आणि स्त्रीला २, पुढे जन्माचं वर्ष, महिना. २१ मार्च १९७४ ला ‘ल माँद’ या वृत्तपत्राने ‘साफारी, अर्थात फ्रेंच लोकांची शिकार’ अशा मथळ्याने ती उघड केली आणि गदारोळ झाला. त्यातून ६ जानेवारी १९७८ चा माहिती-संरक्षणाचा कायदा आला. चित्रपट या दोन तारखांच्या मधला. तेव्हाच्या प्रेक्षकाला प्रश्नावली भरून घेणारं मंत्रालय काल्पनिक वाटलं नसणार.

क्लाइनबद्दल एवढंच पुरे: न्यूयॉर्कचा, पॅरिसमध्ये स्थायिक, ‘व्होग’ मासिकासाठी फॅशनचे फोटो काढलेला. विकण्याच्या वस्तू कशा सजवतात हे त्याला धंद्यातून ठाऊक होतं. आणि चित्रपटात अभिनेता एडी कॉन्स्टंटीन दिसला की दिग्दर्शक गोदारच्या ‘आल्फाव्हिल’ (१९६५) ची आठवण करून द्या. संगणकाने चालवलेल्या शहरात शिरणारा गुप्तहेर तोच होता. शेवट कुणालाही सांगू नका.

पडदा_३५

मनापासून आभार. ‘नमुना जोडपं’ पक्कं केलं. फ्रेम रेट बदलला, जुळलं. आता संबोधनांचं बोला. आम्ही क्लोदीनला नवऱ्याशी ‘अहो’ बोलायला लावलंय, १९७७ चा काळ म्हणून.

शब्दखुणा

‘अहो’ काढा. फ्रेंचमध्ये ‘त्यु’ म्हणजे आपला ‘तू’, ‘व्हू’ म्हणजे ‘तुम्ही’. तरुण नवराबायको एकमेकांना ‘त्यु’च म्हणतात, म्हणून दोन्ही बाजूंनी ‘तू’. ‘अहो’ आलं की ती आपली १९७७ ची सून होते आणि आपण भलत्याच घरात शिरतो. इंग्रजीवरून भाषांतर करण्यातला हाच धोका, तिथे दोन्हीचं एकच ‘यू’ होतं. म्हणून किमान एकदा फ्रेंच आवाज ऐकत सगळी फाइल तपासा. शब्द कळले नाहीत तरी ‘त्यु’ आणि ‘व्हू’ कानाला वेगळे लागतात. ज्या ओळीत ऐकू येईल तिथे खूण करत जा. फ्रेंच शिकणारी एखादी व्यक्ती शेजारी बसली तर एका संध्याकाळचं काम आहे.

संशोधकांसाठी ‘तुम्ही’ ठेवा. मंत्रालयाच्या जाहीर निवेदनांना ‘आपण’. ‘आपण आज किती वाजता उठलात?’ या प्रश्नात कुणीही दरडावत नाही, आणि तरी उत्तर द्यावंच लागतं. संशोधकांच्या भूमिकेतल्या झूक आणि जाक बुदे या दोघांचं काम याच मृदू सुरावर उभं आहे. तिथे मराठी जरा जरी खेकसली तर ते खलनायक होतील. त्यांना खलनायक करू नका.

फ्रेम२५

परवानगीचं राहिलं. डिस्क विकत घेतली म्हणजे सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही, आणि उपशीर्षकांचं भाषांतर हाही हक्कधारकाच्या परवानगीचा विषय आहे. दोन्ही एकाच पत्रात मागा: तारीख, आसनसंख्या, तिकीट आहे की नाही, मराठी उपशीर्षकं कोण करतंय. उत्तराला आठवडे लागू शकतात, तेव्हा हॉल बुक करण्याआधी पत्र जाऊ द्या.

खेळाच्या आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच प्रोजेक्टरवर पहिली पाच आणि शेवटची पाच मिनिटं चालवून बघा. सगळ्यात मागच्या रांगेत बसून वाचा. प्रोजेक्टर ‘झूम’वर असेल तर उपशीर्षकांची खालची ओळ कापली जाते. सेटिंगमध्ये चित्राचं मूळ प्रमाण निवडा, कडेला काळ्या पट्ट्या आल्या तरी येऊ द्या.