मदत हवी आहे: पित्ताशयातला ८ मिमीचा पॉलिप, ऑपरेशन करावं की थांबावं?

आईचं वय ५४. सहा महिन्यांपूर्वी पोटाच्या सोनोग्राफीत पित्ताशयात ६ मिमीचा पॉलिप (आतल्या भिंतीवर आलेली छोटी गाठ) दिसला, परवाच्या तपासणीत ८ मिमी. दोन्ही वेळा उपाशीपोटी, पण मशीन आणि डॉक्टर वेगळे. पॉलिप एकच आहे, खडे नाहीत, दुखत काहीच नाही, लिव्हरच्या तपासण्या नॉर्मल. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. घरात कुणाला पित्ताशयाचा कॅन्सर नव्हता.

१० मिमीपासून पुढे काढतात आणि ६ ते ९ मध्ये इतर धोके बघतात, इतपत वाचलंय. नुसता पॉलिप काढता येत नाही, पूर्ण पित्ताशयच काढावं लागतं, हेही माहीत आहे. पण रिपोर्टमध्ये 'रुंद बुडाचा' असा शब्द आहे, देठ नाही, आणि तोच मला खातोय. एक सर्जन म्हणतात दुर्बिणीतून काढून टाका, दुसरे म्हणतात सहा महिन्यांनी बघू. (दोघंही तितक्याच ठामपणे!)

आई तयार आहे, पण उगाच भूल द्यायला नको. हा २ मिमीचा फरक खरी वाढ मानायचा की मोजण्यातली तफावत? ठरवण्याआधी एंडोस्कोपिक सोनोग्राफीने (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेल्या सोनोग्राफीने) काही नक्की कळेल का?