आईला घेऊन लंडन: स्वस्त तिकीट आणि विमानतळावरून घर, दोन्ही कसं जमवायचं?

गुलमोहर:
सप्टेंबरात आई आणि नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन बहिणीकडे लंडनला जायचंय. ती व्हाइटचॅपलला राहते. थेट विमान फार महाग दिसतंय. आखातातून जाणारं बरंच स्वस्त आहे, पण ते हीथ्रोला रात्री साडेदहाला उतरतं. सगळ्यात स्वस्त म्हणजे युरोपात विमान बदलून लंडनच्याच स्टॅनस्टेड विमानतळावर, पण तिकिटं दोन वेगळ्या कंपन्यांची. आईचे गुडघे दुखतात, बॅगा चार. कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलंय का?

टेम्सकाठ:
मी दरवर्षी आईबाबांना इकडे आणते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेगळ्या तिकिटांचा विचार सोडाच. मधे बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि भारतीय पासपोर्टवर शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसा लागतो. शिवाय पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असाल तर पुढची सोय करणं कंपनीचं काम.

आखाती मार्ग चांगला, पण उतरायची वेळ बदला. साडेदहाला उतरून इमिग्रेशन आणि बॅगा होईपर्यंत मध्यरात्र होते, तेव्हा गाड्या संपत आलेल्या असतात. मग चार बॅगांसह टॅक्सीच. हीथ्रो शहराच्या पश्चिम टोकाला आणि व्हाइटचॅपल पूर्वेला, म्हणजे अख्खं लंडन ओलांडायचं. तोच मार्ग दुपारी उतरणारा बघा, थोडा महाग असला तरी घ्या.

दिवसा उतरलात की एलिझाबेथ लाइन ही रेल्वे. हीथ्रोहून व्हाइटचॅपल थेट, साधारण पाऊण तास, कुठेही बदलायचं नाही आणि लिफ्ट आहेत. पिकॅडिली लाइन ही मेट्रो त्याहून स्वस्त पडते, पण तुम्हाला मधे बदलावं लागेल आणि शहरातल्या बऱ्याच जुन्या स्टेशनांवर लिफ्ट नाही. आईंच्या गुडघ्यांसाठी तेवढे पैसे खर्च कराच. हीथ्रो एक्सप्रेस पॅडिंग्टनला संपते, तुमच्या उपयोगाची नाही. लेक अकराच्या आत आहे, त्यामुळे मोठ्यांबरोबर ट्यूब (मेट्रो) आणि एलिझाबेथ लाइनवर ती फुकट.

आईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. पैसे लागत नाहीत. मागायला अजिबात संकोच करू नका, हीथ्रोवर चालणं खूप आहे.

रानवाटा:
फक्त हीथ्रो शोधू नका. विमानतळाच्या जागी एलओएन (LON) हा लंडनचा कोड टाकलं की सगळे लंडन विमानतळ एकत्र दिसतात. गॅटविक लांब वाटतं, पण तिथून थेम्सलिंक रेल्वेने फॅरिंग्डन स्टेशन आणि तिथे एलिझाबेथ लाइन, एकदाच बदलायचं. थेम्सलिंक साध्या भाड्याची गाडी आहे, महागड्या गॅटविक एक्सप्रेसच्या मागे लागू नका.

आणि परतीच्या तिकिटात ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर असतो. इकॉनॉमीत १६ वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. एजंटकडून काढत असाल तर लेकीच्या तिकिटाचा तपशील मागून बघा.

गुलमोहर:
दुपारचं विमान सापडलं, एकाच पीएनआरवर! थेट विमानापेक्षा अजूनही बरंच स्वस्त आहे. गाडीचं तिकीट कुठे काढायचं? मला आणि आईला एकच कार्ड चालेल का?

टेम्सकाठ:
वा, फार बरं झालं! तिकीट काढायचंच नाही. गेटवर कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं, उतरताना तेच पुन्हा टेकवायचं. पण माणशी एक कार्ड लागतं, एकावर दोघी जाऊ शकत नाहीत. आत जाताना फोन आणि बाहेर पडताना कार्ड असंही करू नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या जातात आणि भाडं जास्त कापतात. व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड आणा. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही कार्डांवर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस सुरू आहे ना, ते तपासा. लेकीला तुमच्याबरोबर रुंद गेटमधून घ्या.