दारू सोडायची गोळी चालू आहे अन् उलट्या होऊन राहिल्या, लवकर सांगा

तुरीवाला: भावाले दारू सोडायची गोळी चालू करून आठ दिवस झाले. काल पोळ्याचा साज आणाले बाजारात गेला, आला तर तोंड लालबुंद, छातीत धडधड, आंगणातच उलट्या. आता गोळी अर्धी करू का बंदच करू? परवा पोळा आहे.

सावंगीची सून: कोणती गोळी? नाव टाका ना. रोज किती पितात? लिव्हरची तपासणी केली का?

मोहफूल: गोळ्यांच्या नादी लागू नका भाऊ. माह्या काकानं माळ घातली, 11 वर्षं झाली, दारूले शिवला नाही.

बल्लारशाकर: सरकारलेच सोडवाची नाही. चंद्रपुरात 2015 ले बंदी आणली, 2021 ले उठवली.

सावंगीची सून: दादा, बंदीचं वेगळ्या धाग्यावर बोला, इथं माणूस आजारी आहे.

तुरीवाला: डायसल्फिराम 250. मेडिकलवाल्यानं दिली. रोजचे दोन पव्वे, कधी मोहाची. वहिनी वरणात कुस्करून देते.

सिस्टर_दारव्हा: म्हणजे त्यांना माहीतच नाही?? आधी वरणात टाकणं थांबवा अन् त्यांना खरं सांगा. दारूचं पोटात गेल्यावर अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते, लिव्हर ते मोडून काढते, ही गोळी तेच अडवते, म्हणून तोंड लाल, उलट्या, बीपी खाली, जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही 14 दिवसांपर्यंत दारूनं असा त्रास होऊ शकतो. अन् रोज दोन पव्वे पिणाऱ्यानं एकदम सोडली तर फिट येते, म्हणून घरी प्रयोग नको, आजच जिल्हा रुग्णालयात मानसोपचारवाल्या डॉक्टरले दाखवा. पुन्हा छातीत दुखलं तर 108.

मोहफूल: मी तेच म्हणलो, गोळी वाईट.

सावंगीची सून: काऊन वाईट? माह्या नवऱ्यानं हीच गोळी दीड वर्ष घेतली, पण स्वतःच्या हातानं, रोज सकाळी माह्यासमोर. आधी भरती करून दारू उतरवली, लिव्हर तपासलं, मंग सुरू केली. तलफ कमी कराले नालट्रेक्सोन वेगळी असते, तेही डॉक्टरच ठरवते.

तुरीवाला: सांगतलं त्याले. गोठ्यात बैलाच्या शिंगाले वार्निश लावत होता, हात इतका थरथरत होता का अर्धं वार्निश बैलाच्या कपाळावर. "तरीच," एवढंच बोलला अन् ब्रश माह्या हातात देला. वहिनी रडून राहिली. सातच्या एसटीनं यवतमाळले निघतो.

सिस्टर_दारव्हा: गोळीची रिकामी स्ट्रिप सोबत न्या. अन् शेवटची गोळी कधी गेली ते वहिनीले विचारून लिहून ठेवा.

तुरीवाला: आज सकाळीच. चहात.