कारागृहातील शिक्षण : तास मोजावेत की कौशल्य?

प्रश्न : येरवडा कारागृहाच्या कारखान्यात सुतारकाम करणाऱ्या बंद्यांसाठी क्षमताधारित (तासांऐवजी अंगच्या कौशल्यावर मोजला जाणारा) अभ्यासक्रम कसा आखावा?

उत्तर १ : बंद्याच्या अंगी आधीच असलेल्या कौशल्याची पारख करावी, 2013 च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात तशी सोय आहेच. त्याने केलेल्या चौकटीला गुण्या लावून काटकोन तपासावा. तो वर्गात किती तास बसला, हे गौण आहे.

उत्तर २ : सहमत, परंतु देशातील सुमारे तीन-चतुर्थांश बंदी न्यायाधीन (खटल्याचा निकाल न लागलेले) असून त्यांचा जामीन कधी होईल याचा नेम नसल्याने, अभ्यासक्रमाचे छोटे, स्वतंत्रपणे प्रमाणित होणारे घटक पाडावेत आणि उरलेले बाहेर पूर्ण करता यावेत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. प्रमाणपत्रावर कारागृहाचा उल्लेख असावा का?

उत्तर २ : मुळीच नसावा, नोकरी तिथेच अडते.