मैत्रिणीला हाताने पत्र लिहू का, की या वयात नाटकी वाटेल?

निळंइनलँड:
मंडळी सल्ला हवाय, हसू नका. मी आणि एक मैत्रीण १९९६ ते ९९ पुण्यात होस्टेलला एकाच खोलीत. मग ती लग्न करून चिपळूणला, मी नाशिकला. सातआठ वर्षं पत्रं चालू होती, निळी इनलँड, काठोकाठ भरलेली. ही बया चिकटवायच्या घडीवरसुद्धा आडवं लिहायची, त्यामुळे फोडताना हमखास दोन ओळी फाटायच्या आणि पुढच्या पत्रात मी विचारायचे, अगं "सासूबाई म्हणाल्या" च्या पुढे काय होतं? मग मोबाईल आले, व्हॉट्सअ‍ॅप आलं. आता रोज सकाळी तिचा गुलाब येतो, मी हात जोडते, संपलं. मागच्या महिन्यात तिसऱ्याच बाईकडून कळलं की तिची अँजिओप्लास्टी झाली. तारीख बघितली तर त्या दिवशी पण गुलाब आलेला आणि मी हात जोडलेले! फोन केला तर "काही नाही गं, झालं आता" म्हणून मुलीच्या अ‍ॅडमिशनवर गेली. म्हणून पत्राचं मनात आलं. इनलँड मिळतं का अजून?

कल्याणलोकल:
ताई स्पष्ट बोलतो, राग नको. दोष व्हॉट्सअ‍ॅपचा नाही. आमच्या आजोबांची पत्रं आहेत घरात तारेला ओवलेली, सगळ्यांत तेच, "इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे", मग पाऊस किती झाला, मग "लोभ आहे तो वृद्धिंगत व्हावा". हा त्या काळचा गुलाबच की! त्याच आजोबांना मोठं ऑपरेशन झालं तेव्हाही पत्रात सर्व क्षेमच होतं. ज्याला सांगायचं नाही तो कशावरही सांगत नाही. सरळ एसटीत बसा आणि चिपळूणला जाऊन या.

निवृत्तटपाली:
३४ वर्षं पोस्टात काढली म्हणून लिहितो. इनलँड मिळतं, मी शेवटचं घेतलं तेव्हा अडीच रुपये होतं, पोस्टकार्ड ५० पैसे. छोट्या ऑफिसात काउंटरवर "संपलंय" म्हणतील, हेड पोस्टात जा. इनलँडच्या आत फोटो, अंगारा काही घालू नका, चालत नाही. घालायचंच असेल तर पाकीट घ्या आणि वजन करून तिकीट लावा, नाहीतर नॉटपेड होतं आणि कमी पडलेल्याच्या दुप्पट पैसे मैत्रिणीकडून घेतात, आजारी बाईला कशाला भुर्दंड. पिनकोड घाला हो! अर्धी पत्रं त्याच्यावाचून भटकतात. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतात कविता करणारे, आणि आपलेच लोक तो लिहीत नाहीत. पेटीवर डाक काढायची वेळ लिहिलेली असते ती बघून टाका. गंजलेल्या पेटीत टाकू नका, एवढंच सांगतो.

टोरांटोचीमावशी:
माझी सांगलीची मैत्रीण आणि मी दहादहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतो, तिकडे तिच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, मधेच भाजीवाल्याशी हुज्जत घालते ती पण ऐकते मी, पत्रात हे कुठून येणार? तेव्हा मोबाईलला शिव्या नकोत. पण तुमच्या केसमध्ये लिहा असंच म्हणेन. फोनवर तिला लगेच उत्तर द्यावं लागतं, म्हणून ती अ‍ॅडमिशनवर पळाली. पत्राला लगेच तोंड द्यावं लागत नाही, उशीखाली ठेवता येतं. फक्त "मला का नाही सांगितलंस" हे लिहू नका हां, ते कोर्टाच्या नोटिशीसारखं होईल. तुमचं स्वतःचं काहीतरी लिहा, गुडघे, नवरा, काहीही. होस्टेलच्या मेसमधली पाणचट आमटी तरी आहेच.

कल्याणलोकल:
मावशींचं पटलं. एसटीचं पण बघा.

निळंइनलँड:
अपडेट द्यायला आले. हेड पोस्टात तिसऱ्या खिडकीवर मिळालं. लिहायला बसले तर चार ओळींत बोटं दुखली, अक्षर बघून नवरा म्हणाला हे प्रिस्क्रिप्शन आहे का. माझ्या थायरॉइडबद्दल लिहिलं, यावर्षी दोनदा चक्कर येऊन पडले ते लिहिलं, जे मीही तिला सांगितलं नव्हतं हे लिहिताना लक्षात आलं. जागा संपली म्हणून शेवटचं घडीवर आडवं.

सहाव्या दिवशी तिचा मेसेज. फाटलेल्या घडीचा फोटो आणि खाली, "डॉक्टर म्हणाले च्या पुढे काय???" मी फोन केला, सव्वा तास झाला. त्या दिवशी ती रिक्षात एकटीच बसून हॉस्पिटलात गेली होती म्हणे, आणि गुलाब रिक्षातून पाठवला होता, रोजच्या सवयीने.

एसटीचं रिझर्वेशन शनिवारचं केलंय. आणि हो, आज सकाळी गुलाब आलाच.